३.९ नंतर ३.१० का येतं? आलेख काढणाऱ्या लायब्ररीची नवी आवृत्ती आणि नानांची पेरणी

जूनचा दुसरा आठवडा होता. सकाळी साडेसहाला माझ्या चुलत्यांचा, म्हणजे नानांचा फोन आला.

"आरं, तू रात्री टाकलेलं चित्र बघितलं. खालच्या रानाकडं तर काळंभोर दिसायलंय. लई झाला वाटतं पाऊस तिकडं. उद्या ट्रॅक्टर घेऊन जातो, पेरून टाकतो."

मी अर्धवट झोपेत "हो हो" म्हणालो आणि फोन ठेवला. मग एकदम उठून बसलो. चित्रात काळपट रंग म्हणजे पाऊस *नाही* असा अर्थ होता!

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. आमचं गाव बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. पावसाळ्यात रोज संध्याकाळी गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पावसाचा एक आलेख टाकतो. राज्याच्या कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय पाऊस रोज मिळतो. ते आकडे घ्यायचे आणि पायथनमधल्या मॅटप्लॉटलिब नावाच्या लायब्ररीनं एक रंगीत तक्ता काढायचा. प्रत्येक ओळ म्हणजे एक मंडळ, प्रत्येक रकाना म्हणजे एक तारीख आणि चौकोनाचा रंग म्हणजे १ जूनपासून त्या दिवसापर्यंत झालेला एकूण पाऊस. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. तक्ता बघितला की आपलं मंडळ त्या आकड्याच्या अलीकडं आहे की पलीकडं, हे कळतं.

नानांचं राहतं रान त्यांच्या डोळ्यासमोर असतं. पण बटईनं केलेलं एक रान शेजारच्या तालुक्यात, चाळीसेक किलोमीटरवर आहे. तिथला निर्णय ते त्या चित्रावर घेतात. सोयाबीनचं बियाणं एकरी साधारण ३० किलो लागतं. ओल नसताना पेरलं आणि उगवलं नाही, तर दुबार पेरणी करावी लागते. म्हणजे बियाणं, खत, ट्रॅक्टर, सगळा खर्च दुसऱ्यांदा. बीडमध्ये हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

मग चित्र उलटं कसं झालं? त्याचं उत्तर एका शब्दात आहे: अपडेट. फोनवर आपण जे बटण दिवसातून दोनदा न वाचता दाबतो, तेच.

लायब्ररी म्हणजे काय?

इथं लायब्ररी म्हणजे पुस्तकांचं वाचनालय नव्हे. दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला आणि आपल्या प्रोग्रॅममध्ये थेट वापरता येणारा कोड म्हणजे लायब्ररी. आलेखासाठी अक्ष कुठं काढायचा, आकडे कुठं लिहायचे, रेघ किती जाड ठेवायची, हे सगळं आपण रोज नव्यानं लिहीत बसत नाही. ते मॅटप्लॉटलिब करते.

ही लायब्ररी जॉन हंटर या अमेरिकन मेंदू-संशोधकानं सुरू केली. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संकेत बघण्यासाठी त्याला एक साधन हवं होतं. त्यासाठी मॅटलॅब हे विकत घ्यावं लागणारं सॉफ्टवेअर वापरलं जायचं. हंटरनं तसं काम करणारी लायब्ररी पायथनमध्ये लिहिली आणि २००३ मध्ये सगळ्यांसाठी खुली केली. २०१२ मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी तो कर्करोगाच्या आजारात गेला. पण कोड खुला होता, म्हणून काम थांबलं नाही. एप्रिल २०१९ मध्ये कृष्णविवराचं पहिलं छायाचित्र जगानं बघितलं, त्या संशोधनातही मॅटप्लॉटलिब वापरलेली होती. तीच लायब्ररी, तितकीच फुकट, माझ्या पावसाच्या तक्त्यालाही चालते.

महाराष्ट्रातलंही एक उदाहरण आहे. पवईच्या आयआयटी मुंबईत प्राध्यापक असलेल्या प्रभू रामचंद्रन यांनी 'मायावी' ही त्रिमितीय आलेख काढणारी लायब्ररी तयार केली. तीही ओपन सोर्स आहे आणि जगभरचे संशोधक ती वापरतात. नाव आपल्याच भाषेतलं वाटतं ना?

आकड्याची भानगड: ३.९ मोठं की ३.१०?

गणितात ३.९ मोठं. आवृत्तीत ३.१० मोठं! कारण ते टिंब दशांश चिन्ह नाहीच. ती तीन वेगवेगळी खाती आहेत.

समजा आवृत्ती आहे ३.९.२. पहिला आकडा, ३, म्हणजे मोठा टप्पा. तो फार क्वचित बदलतो. मधला आकडा, ९, म्हणजे नव्या सोयी आलेली आवृत्ती. मॅटप्लॉटलिबमध्ये ती साधारण सहा-आठ महिन्यांनी येते: ३.८ सप्टेंबर २०२३ मध्ये आली, ३.९ मे २०२४ मध्ये आणि ३.१० डिसेंबर २०२४ मध्ये. शेवटचा आकडा, २, म्हणजे फक्त दुरुस्त्या. त्यात नवीन काही नसतं, चुका काढलेल्या असतात.

त्यामुळं शेवटचा आकडा बदलला असेल तर बिनधास्त अपडेट करा. मधला बदलला असेल तर काय बदललंय ते वाचा. पहिला बदलला असेल तर एक सुटीचा दिवस राखून ठेवा.

पहिला आकडा बदलल्याची दोन मोठी उदाहरणं आहेत. जानेवारी २०१७ मध्ये २.० आली आणि आलेखांचं मूळ रूपच बदललं. सप्टेंबर २०१८ मध्ये ३.० आली आणि पायथन २ ला कायमचा रामराम झाला. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपणारच होता, म्हणून आधीच तयारी केली गेली.

नवी आवृत्ती बाहेर कशी पडते?

आपल्याला फक्त 'नवीन आवृत्ती उपलब्ध' एवढंच दिसतं. त्यामागं बरंच काही घडलेलं असतं.

पहिली पायरी म्हणजे बदल गोळा करणं. कुणीही, अगदी तुम्हीसुद्धा, गिटहबवर बदल सुचवू शकता. तो लगेच आत जात नाही. मुख्य विकासकांपैकी साधारणपणे दोघांनी तो वाचून मान्य करावा लागतो. आपण लिहिलेलं आपणच पास करायचं नाही, हा नियम.

दुसरी पायरी मला सगळ्यात जास्त आवडते. आलेख बरोबर आला की नाही, हे संगणकाला कसं कळणार? त्यासाठी बरोबर असलेली चित्रं आधीच जपून ठेवलेली असतात. कोडमध्ये बदल झाला की तेच आलेख नव्यानं काढले जातात आणि जुन्या चित्राशी ठिपक्या-ठिपक्यानं ताडून बघितले जातात. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला की चाचणी नापास. एखादी रेघ किंचित सरकली तरी सापडते.

तिसरी पायरी म्हणजे 'हे लवकरच बंद होणार' अशी नोटीस. जुनी सोय एका फटक्यात काढत नाहीत. आधी ती सोय वापरली की पिवळ्या अक्षरांत इशारा येतो, पण काम चालू राहतं. किमान दोन मधल्या आवृत्त्या गेल्यावरच ती सोय काढली जाते. पाणी बंद करण्याआधी दवंडी पिटतात, तसंच.

चौथी पायरी म्हणजे उमेदवार आवृत्ती, म्हणजे रिलीज कँडिडेट. अंतिम आवृत्तीआधी ती बाहेर ठेवली जाते, म्हणजे ज्यांना हौस आहे त्यांनी वापरून बघावी आणि काय मोडतंय ते सांगावं. तुम्ही मुद्दाम मागितल्याशिवाय ती तुमच्या मशीनवर येत नाही.

मग विंडोज, मॅक, लिनक्स अशा प्रत्येक प्रकारच्या मशीनसाठी तयार पुडकी बांधली जातात आणि पायपीआय या सार्वजनिक भांडारात ठेवली जातात. 'पिप इन्स्टॉल' म्हटल्यावर आपल्याकडं येतं ते हेच पुडकं. सोबत दोन याद्या असतात: नवीन काय आलं आणि जुन्यातलं काय बदललं किंवा गेलं. पहिली यादी सगळे वाचतात. दुसरी जवळपास कुणीच वाचत नाही. मीही वाचली नव्हती.

माझ्याकडं नेमकं काय झालं?

माझा पावसाचा कोड कॉलेजातला होता. कुठल्यातरी जुन्या व्हिडिओवरून उचललेला. त्यात रंग ठरवणारी एक ओळ होती: 'गेट सीमॅप' नावाचं फंक्शन वापरून 'जेट' ही रंगपट्टी मागवायची. जेट म्हणजे निळ्यापासून लालपर्यंतचं इंद्रधनुष्य. कमी पाऊस निळा, जास्त पाऊस लाल. रंगांची निवड वाईटच होती, पण नानांना तीन वर्षांत सवय झालेली.

जुन्या लॅपटॉपवर मॅटप्लॉटलिब ३.५ होती. नवा लॅपटॉप घेतला, सगळं नव्यानं टाकलं आणि आली ३.९. संध्याकाळी कोड चालवला तर लाल अक्षरांत एरर: असं फंक्शनच नाही.

चूक लायब्ररीची होती का? नाही. त्या फंक्शनबद्दलचा इशारा ३.७ पासून येत होता आणि ३.९ मध्ये ते काढलं गेलं. दवंडी व्यवस्थित पिटली होती. मी मात्र ३.५ वरून थेट ३.९ वर उडी मारली, त्यामुळं मधल्या दोन आवृत्त्यांमधली दवंडी मला ऐकूच आली नाही. जुने व्हिडिओ बघून शिकणाऱ्या कितीतरी मुलांचं असंच होतं. 'सीबॉर्न' नावाची आलेखाची शैली असंख्य जुन्या धड्यांमध्ये आहे. ३.६ मध्ये तिचं नाव बदललं आणि ३.८ मध्ये जुनं नाव बंद झालं. धड्यातलं अक्षर न् अक्षर बरोबर लिहूनही एरर येते आणि मुलांना वाटतं आपल्यालाच जमत नाही.

पुढची चूक मात्र शंभर टक्के माझी. रात्रीचे साडेनऊ झालेले, ग्रुपवर "आज चित्र न्हाई का?" असे मेसेज सुरू झालेले. मी ती ओळ सरळ उडवली. कोड चालला. चित्र आलं. मी नीट न बघता पाठवून दिलं.

ओळ उडवल्यावर लायब्ररीनं स्वतःची ठरलेली रंगपट्टी वापरली. २.० पासून ती पट्टी आहे 'विरिडिस'. तिच्यात सगळ्यात कमी आकडा गडद जांभळा दिसतो, मधले हिरवे आणि सगळ्यात जास्त आकडा झगझगीत पिवळा. आता शेतकऱ्याच्या नजरेनं बघा. पिवळं म्हणजे काय? पाण्याविना पिवळं पडलेलं पीक. गडद म्हणजे काय? भरून आलेलं आभाळ. नानांनी चित्र अगदी बरोबर वाचलं, फक्त त्यांच्या भाषेत. शेजारी रंगांची सूचीपट्टी होती, पण ती मोबाइलच्या पडद्यावर मुंगीएवढी दिसते.

मी लगेच फोन फिरवला. "नाना, थांबा. काळं म्हणजे कोरडं हाय. पाऊस न्हाई झाला तिकडं."

"मग काळं कामून केलंस?" नाना म्हणाले.

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. ट्रॅक्टर थांबला. पाहुण्यांना फोन करून विचारलं, तर खालच्या रानात नुसती भुरभुर झाली होती.

मला यातून एक गोष्ट पक्की कळली. एरर येणं हे वाईट नाही. एरर ओरडून सांगते की काहीतरी मोडलंय. घातक असतो तो गुपचूप झालेला बदल. चित्र येतं, छान दिसतं आणि त्याचा अर्थ बदललेला असतो.

मग जेट का बदललं?

तुम्ही म्हणाल, लोकांना सवय होती तर जेट काढलंच कशाला? त्याला भक्कम कारण आहे. जेटमध्ये पिवळा आणि आकाशी हे दोन पट्टे मधेच चमकतात. आकडा हळूहळू वाढत असला तरी डोळ्याला तिथं अचानक सीमारेषा दिसते. म्हणजे जे नाही ते दिसतं. शिवाय लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्या लोकांना ते वाचायला अवघड जातं. कृष्णधवल झेरॉक्स काढली तर निळा आणि लाल, म्हणजे सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त, दोन्ही सारखेच करडे दिसतात. मॅटलॅबनंही २०१४ मध्ये जेटला मूळ पट्टीच्या जागेवरून हटवलं होतं.

विरिडिसमध्ये उजेड एकसारखा वाढत जातो. आकडा जेवढा वाढला तेवढाच फरक डोळ्याला जाणवतो. झेरॉक्समध्येही क्रम टिकतो. म्हणून पट्टी चांगलीच आहे. पण चांगली मूळ निवड म्हणजे प्रत्येक ठिकाणी योग्य निवड नव्हे. ज्यांनी ती निवडली त्यांच्यासमोर सगळ्या जगातले आकडे होते, माझ्यासमोर फक्त पाऊस आणि नाना होते. निवड करणं माझं काम होतं.

आता मी 'ब्लूज' ही पट्टी नाव घेऊन लिहितो: पांढऱ्यापासून गडद निळ्यापर्यंत. कोरडं ते पांढरं, पाणी ते निळं. आणि प्रत्येक चौकोनात आकडाही छापतो. कुणी सूचीपट्टी शोधायलाच नको.

आष्टी आणि शिरूरचं दुखणं

नानांची दुसरी मागणी होती, नावं मराठीत टाक. मला वाटलं, दोन मिनिटांचं काम.

पहिल्यांदा 'बीड' लिहिलं तर नुसते रिकामे चौकोन आले आणि इशारा मिळाला: ग्लिफ २३४८ सापडला नाही. २३४८ हा युनिकोडमधला 'ब' चा क्रमांक. मॅटप्लॉटलिबच्या मूळच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. हा प्रश्न सोपा आहे. मुंबईच्या एकटाइप या संस्थेचा 'मुक्त' किंवा गूगलचा 'नोटो सान्स देवनागरी' असा खुला फॉन्ट टाकायचा. ३.६ पासून तर एकापेक्षा जास्त फॉन्ट देता येतात. एकात अक्षर नसेल तर दुसऱ्यातून उचललं जातं. या सोयीच्या कामात गूगल समर ऑफ कोडमधून आलेल्या एका भारतीय विद्यार्थ्याचा मोठा वाटा आहे.

फॉन्ट टाकला. बीड बरोबर, केज बरोबर, परळी बरोबर, धारूर बरोबर. पण 'आष्टी' मध्ये ष चा पाय मोडलेला आणि ट बाजूला सुटा पडलेला. 'शिरूर कासार' मध्ये पहिली वेलांटी श च्या डावीकडं यायच्या ऐवजी उजवीकडं.

असं का? युनिकोडमध्ये 'शि' साठवताना आधी श येतो, मग वेलांटी. दाखवताना वेलांटी उचलून श च्या डावीकडं न्यावी लागते. ष, हलन्त आणि ट दिसले की त्यांचं 'ष्ट' हे एकच जोडाक्षर करावं लागतं. या कामाला शेपिंग म्हणतात. तुमच्या फोनवर हे सगळं नीट दिसतं कारण अँड्रॉइड आणि क्रोम 'हार्फबझ' नावाची ओपन सोर्स लायब्ररी वापरतात. हे नाव फारसीवरून घेतलंय आणि त्यातला 'हर्फ' म्हणजे आपण मराठीत म्हणतो तो हरफ, अक्षर.

मॅटप्लॉटलिबच्या ३.१० पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये मूळ रूपात हे शेपिंग नाही. अक्षरं जशी साठवली तशी एकापुढं एक मांडली जातात. हार्फबझच्या मदतीनं हे दुरुस्त करण्याचं काम विकासकांनी हाती घेतलंय. ते जुळून येईल त्या दिवशी प्रसिद्धिपत्रकात एखादीच ओळ असेल. पण जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांपैकी आष्टी आणि शिरूर या दोघांसाठी ती ओळ सगळ्यात मोठी असेल. तोपर्यंत मी नावांचं चित्र वेगळं बनवून आलेखाला चिकटवतो. जुगाड आहे, पण चालतो.

तुम्ही काय करू शकता?

लॅपटॉप नसला तरी हरकत नाही. फोनच्या ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडलं की मॅटप्लॉटलिब तयार असते. मी सुद्धा गावाकडं असलो की तिथंच काम भागवतो. चार सवयी लावून घ्या.

१. कोडच्या पहिल्या ओळीत लायब्ररीची आवृत्ती छापा. काही मोडलं तर आधी तिथं बघायचं. कोलॅबमधल्या आवृत्त्याही अधूनमधून बदलतात.

२. चालतंय तो आकडा एका फाईलमध्ये लिहून ठेवा आणि तीच आवृत्ती टाका. याला आवृत्ती बांधणं म्हणतात. अपडेट करायचं ते आपल्या सवडीनं, हंगामाच्या मध्यात नाही.

३. ज्याच्यावर अर्थ अवलंबून आहे ते मूळ निवडीवर सोडू नका. रंगपट्टी, अक्षाची सुरुवात, एकक, हे सगळं नाव घेऊन लिहा.

४. पिवळा इशारा आला तर तो झाकू नका. ती दवंडी आहे.

आणि जमलं तर परतफेडही करा. उमेदवार आवृत्ती आली की आपला कोड तिच्यावर एकदा चालवून बघा. काही मोडलं तर गिटहबवर कळवा: आवृत्ती कोणती, सगळ्यात छोटा कोड कोणता, काय अपेक्षित होतं आणि काय आलं. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. 'आष्टी' चं मोडकं चित्र आणि बरोबर चित्र शेजारी-शेजारी ठेवलं, तर दूरच्या देशातल्या विकासकालाही एका नजरेत कळतं. मराठी न वाचणाऱ्याला आपली अडचण दिसणार कशी, आपण दाखवल्याशिवाय?

आता मेच्या शेवटच्या रविवारी माझं एक काम ठरलेलं आहे. नव्या आवृत्तीवर गेल्या वर्षीचे आकडे चालवायचे, जुनं आणि नवं चित्र शेजारी ठेवायचं आणि दोन्ही नानांना पाठवायची. ते कोणत्या मंडळात पाऊस जास्त झाला ते सांगतात. दोन्ही चित्रांवर उत्तर एकच आलं, तरच नवी आवृत्ती पावसाळ्यात ठेवतो. मॅटप्लॉटलिबकडं जपून ठेवलेली हजारो चित्रं आहेत. माझ्याकडं नाना आहेत.